खांद्यावरची चार बोटं

४ जून

आज आलेले: तांदूळ पाच किलो, एकशे दहा. साखर एक किलो, बावीस. कपड्यांच्या साबणाच्या दोन वड्या, चौदा. दिव्याचं तेल, एकोणीस. ते देवासाठी, म्हणून घासाघीस केली नाही. यांच्या दुकानासाठी घड्याळाच्या काचा एक डझन, त्याचा हिशेब त्यांचा ते बघतील. आणि फुकट आलेलं एक: मध्यवर्ती बँकेचं मोठं पाकीट. कागद इतका जाड आणि मागून कोरा, की वाणसामानाच्या याद्यांना महिनाभर पुरला असता. पण वाचलं आणि कात्री ठेवून दिली.

सरकार नव्या नोटा काढणार आहे. वीसच्या नोटेवर कुणाचा चेहरा असावा यासाठी पाच नावं निवडली आहेत. एक सेनापती, एक ताऱ्यांचे शास्त्रज्ञ, एक गायिका, एक न्यायमूर्ती, आणि आमच्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे यांची सख्खी आत्या. परिचारिकांची पहिली शाळा त्यांनी काढली आणि तिथेच साथीच्या तापात गेल्या, तेव्हा हे दोन वर्षांचे होते. मी त्यांना फोटोतच पाहिलंय. शाळेच्या पुस्तकात होता तोच फोटो, खुर्चीत बसलेल्या, अंगावर शाल.

बँकेच्या अटी तीन. व्यक्ती हयात नसावी. चेहरा स्पष्ट दिसेल असा अस्सल फोटो असावा. आणि तो तिचाच आहे असं, तिला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने सही करून कळवावं. पंचवीस तारखेच्या आत. आत्याबाईंना पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय, आमच्या सासूबाई.

त्या ओट्याशी बसून शेंगा सोलत होत्या. मी मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाल्या, "वन्संना पैशावर घालणार? त्यांच्याकडे पैसा टिकला कधी. घरी आल्या की परतीचं गाडीभाडं माझ्याकडून न्यायच्या."

मग पत्रावरचा छापील फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "ती शाल फार टोचायची."

नणंदेने तेव्हा तक्रार केली असणार. भावजयी अशा गोष्टी विसरत नाहीत.

संध्याकाळी जिन्यात जरा गरगरलं. ऊन फार आहे.

७ जून

वाण्याकडे मीठ आणायला गेले, किलोभर, सहा. तिथे सभाच भरली होती. पाच नावं सकाळच्या वर्तमानपत्रात आली आहेत.

वाणी म्हणाला, "सेनापतींना हजाराच्या नोटेवर घाला. म्हणजे ते माझ्या गल्ल्यात येणारच नाहीत, दुकानात शांतता राहील."

शेजारचा शिंपी म्हणाला, "न्यायमूर्ती नकोत बुवा. गिऱ्हाईक नोट काढताना त्यांच्याकडे बघेल आणि पुढची तारीख मागेल."

दूधवाली कडेला उभी होती. ती म्हणाली, "बाई असेल तर वीसवर. पाचशेवर का नाही?"

वाण्याने तिला विचारलं किती अंडी देऊ. आत्याबाई आमच्या आहेत हे मी बोलले नाही. बोलले असते तर साखरेवरची सूट त्याच क्षणी बंद झाली असती.

पण घरी येताना मन लागेना. हा माणूस अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजतो, गोणपाटाखाली सारतो आणि वर बसतो. शाळेतल्या मुली ज्या बाईपुढे फुलं ठेवतात, तिच्या तोंडावर हा थुंकीचा अंगठा फिरणार. माणूस पूज्य असेल तर त्याला हातोहाती फिरवावं की फिरवू नये? देवापुढे दिवा लावताना विचारलं. देवाचं स्वतःचं चित्र आजवर कुठल्या नोटेवर आलेलं नाही, यावरून त्याचं मत काय ते समजायचं का, कोण जाणे.

यांना विचारलं. डोळ्याला भिंग लावलेलंच होतं, मान वर केली नाही. म्हणाले, "घड्याळाच्या तबकडीवर बारा आकडे असतात, चेहरा एकाचाही नाही. म्हणून वेळेवरून भांडण होतं, तबकडीवरून होत नाही."

हा विनोद की मत, हे एवढ्या संसारानंतरही मला सांगता येत नाही.

१० जून

रविवारच्या पुरवणीने आत्याबाईंचा फोटो अर्धं पान भरून छापला. एवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता. पान सासूबाईंच्या खाटेवर पसरलं, त्या शेजारीच डोळे मिटून पडल्या होत्या, आणि मी चमकले. तीच हनुवटी. डाव्या भुवईवर तोच खळगा. एका घरात वर्षं काढली की माणसं एकमेकांसारखी दिसायला लागतात म्हणतात ते खोटं नाही. यांच्या बाबतीत तसं न होवो. यांच्या भुवया फार दाट आहेत.

पण नवल ते नाही. फोटोत डाव्या खांद्यावर शालीला चार चुण्या आहेत. शाळेत असताना मला त्या चुण्यांचा छंदच होता. पुस्तक उघडलं की आधी त्याच बघायची. बाईंना एकदा विचारलंही होतं, की शाल एकाच ठिकाणी चारदा का दुमडली आहे. त्या म्हणाल्या, अभ्यास कर.

आज यांचं भिंग घेतलं आणि बघितलं. चुण्यांना नखं आहेत.

यांना हाक मारली. त्यांनी पाहिलं, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. "बोटं आहेत. बाईमाणसाची. करंगळी जरा वाकडी."

"कुणाची पण?"

"मागे कुणीतरी उभं आहे. कापून टाकलंय."

सासूबाई जाग्याच होत्या. म्हणाल्या, "भिंग ठेवा ते. दोघांचेही डोळे जातील, मग मला कोण वाढणार?"

दिवसभर तीच बोटं डोक्यात. दुधाचा हिशेब दोनदा चुकला.

१२ जून

आत्याबाईंच्या शाळेतल्या मेट्रनबाई आल्या होत्या. चहा, तीन कप. उंच, खणखणीत बाई. बसताना आधी खुर्ची हलवून बघतात.

बोलल्या ते असं: या वर्षाअखेर शाळा बंद करून मुलींना मोठ्या विद्यालयात पाठवायचा हुकूम निघतोय. इमारत कचेरीला देणार. अर्ज करून झाले, भेटी घेऊन झाल्या. आणि आता हे नोटेचं आलं.

"वीसच्या नोटेवर जिचा चेहरा आहे, तिच्या शाळेला कुलूप लावायला कोण पुढे येईल? तुम्हीच सांगा. तुमच्या सासूबाईंची एक सही. एवढंच हवंय मला."

सासूबाई शेंगदाणे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नणंदेचं नाव होतंय तर सही करायला एवढं जड का जावं? जुनं काही असेल दोघींमधलं. या वयात तरी सोडून द्यावं माणसाने.

निघताना मेट्रनबाईंनी माझी खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून बघितली. विचारलंसुद्धा नाही. "रक्त तपासून घ्या. कधी येताय?" मी म्हटलं, बघू. तपासणीचे साठ घेतात. साठात यांचा सदरा होतो.

१५ जून

आज लिहायला हात होत नाही, पण लिहून ठेवते.

दुपारी सासूबाईंचे केस विंचरत होते, तेव्हा सरळ विचारलं, "आई, ती बोटं कुणाची?"

म्हणाल्या, "वन्संची."

मी म्हटलं, "त्यांचा हात त्यांच्याच खांद्यावर मागून कसा येईल?"

"खांदा त्यांचा नाही. माझा आहे."

फणी हातातच राहिली. त्यांनी ट्रंक उघडायला लावली. लोकरीच्या कपड्यांखाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात, अख्खा फोटो. खुर्चीत सासूबाई, एकवीस वर्षांच्या. मागे एक उंच बाई उभी, तिचा हात सासूबाईंच्या खांद्यावर. हात एवढा स्पष्ट की नखांची चंद्रकोर दिसते. आणि वर, चेहऱ्याच्या जागी, नुसता धूर.

सासूबाई सांगत गेल्या, मी ऐकत गेले. "सातवा महिना होता मला. फोटोवाल्याने खुर्ची एकच ठेवली होती, वन्संसाठी. उभं राहून माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. वन्सं उठल्या. म्हणाल्या, तुम्ही बसा वहिनी, मी उभी राहते. फोटोवाला ओरडला, हलू नका. मी नाही हलले. त्या हलल्या. मी पडते की काय बघायला खाली वाकल्या."

वन्सं गेल्यानंतर नऊ वर्षांनी शाळेने फोटो मागितला. सासऱ्यांनी हाच दिला, दुसरा नव्हताच. तसबीर करणाऱ्याला वाटलं, बसलेली बाई ती मोठी, उभी आहे ती कामवाली. त्याने उभी कापली. तसबीर आली तेव्हा दुसऱ्या दिवशी मंत्री यायचे होते. सासरे म्हणाले, राहू दे, कोण विचारतंय. पहिल्या तुकडीतली एक मुलगी विचारायला आलीसुद्धा होती. तिला म्हणाले, फोटोत माणूस वेगळं दिसतं.

"मला मात्र कुणी विचारलं नाही. मी त्या शाळेच्या रस्त्याने कधी गेले नाही. मी इथे शेंगा सोलतेय आणि तिथे माझ्यापुढे फुलं. देव विचारेल ना, हे सगळे नमस्कार कुठून गोळा केलेस."

मी त्यांना नणंदेवर जळणाऱ्या समजत होते. वर लिहिलंय तसंच. खोडत नाही, शाई वाया.

१६ जून

मीठ, तेल, काही नाही. देवापुढे जास्त वेळ बसले.

सही केली तर शाळा वाचते, आत्याबाईंचं नाव घरोघर जातं, आणि नोटेनोटेवर खोटं छापलं जातं, तेही हयात बाईचं. नाही केली तर खरं राहतं आणि आत्याबाई यादीतून जातात, कारण त्यांचा चेहरा या जगात कुठेच नाही. देव काही बोलला नाही. उठताना भिंत धरावी लागली.

१७ जून

धाकटे भावजी आले होते. त्यांना कळवणं भागच होतं. येताना हात हलवत, जाताना आंबट चेहरा.

"वहिनी, तुम्ही काही लिहू नका हं बँकेला. वर्तमानपत्रवाला माझी मुलाखत घेऊन गेलाय. आणि मी म्हणतो, आईचा चेहरा आला तर बिघडलं काय? सगळा देश आईला खिशात घेऊन फिरेल."

सासूबाई म्हणाल्या, "तू आधी चार दिवस घरात तरी ठेवून घे."

भावजींनी यांच्याकडे पाहिलं. "दादा, तू मोठा. तू सांग."

हे म्हणाले, "मी त्या फोटोत आहे. आईच्या पोटात. मला पक्षकार धरा, साक्षीदार नाही."

"हा काय चावटपणा आहे? मग वहिनी, मेट्रनबाईंनाही सांगून या, शाळा बंद करा म्हणून. तेवढं धैर्य आहे का?"

टोमणा होता, पण बरोबर होता. त्यांना न सांगता बँकेला लिहिणं म्हणजे पाठीमागून दार लावणं.

१९ जून

बसभाडं जाऊन-येऊन आठ. अख्खा फोटो उशीच्या अभ्र्यात, यांचं भिंग पर्समध्ये.

शाळेच्या व्हरांड्यात ती तसबीर आहे. खाली ताजी फुलं. सासूबाईंना घरी शेंगा सोलताना सोडून आले होते, आणि इथे त्या भिंतीवर. मला हात जोडावेत की काय कळेना. शेवटी सासू म्हणून जोडले.

मेट्रनबाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "पंचवीस तारखेनंतर नसतं का सांगता आलं? माझ्या बत्तीस मुली आहेत इथे. कुणीही ओरडलं नसतं. कुणाला कळलंच नसतं."

मी म्हटलं, "सासूबाईंना कळलं असतं."

"त्यांना इतकी वर्षं कळतच होतं."

मी फोटो पुढे केला आणि भिंग दिलं, नुसतं काहीतरी करायचं म्हणून. त्यांनी रागातच घेतलं. आधी चेहऱ्यावर धरलं, मग हातावर आणलं आणि तिथेच थांबल्या. करंगळीपासून तर्जनीपर्यंत भिंग दोनदा फिरलं.

"बसा त्या स्टुलावर," म्हणाल्या.

बसले. त्या मागे आल्या आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. चार बोटं पुढे, गळ्याच्या हाडाशी, अंगठा मागे, पाठीच्या पात्यावर. "याला इथे बाईंचा हात म्हणतात. पहिल्या आठवड्यात शिकवतो. रुग्णाला बसवायचं, आपण मागे उभं राहायचं, हात असा. माणसाला भोवळ येणार हे त्याच्या आधी या चार बोटांना कळतं. कुणी शिकवलं मला? माझ्या मेट्रननं. तिला तिच्या. पुस्तकात हे नाही."

मी म्हटलं, "म्हणजे हात त्यांचाच."

"हात त्यांचाच आहे," म्हणाल्या, आणि लगेच वेगळ्याच आवाजात, "सकाळपासून काय खाल्लंय?"

मी म्हटलं, चहा.

"तुम्ही डावीकडे कलताय. कधीपासून चालू आहे हे?"

ऊन आहे म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी शाळेच्या दवाखान्यात उपाशीपोटी बोलावलंय, पैसे घेणार नाहीत म्हणतात. फुकट म्हटल्यावर नाही म्हणणं बरं दिसेना.

निघताना विचारलं, शाळेचं काय होणार? म्हणाल्या, "ते मी बघते. तुम्ही बँकेला लिहा. आणि लिहिणारच आहात तर हाताचं नीट लिहा. पकडीचा दाखला मी माझ्या सही-शिक्क्यानिशी देते."

व्हरांड्यातून जाताना त्या तसबिरीपुढे थांबल्या. फुलं उचलली नाहीत. फक्त थोडी डावीकडे सरकवली, खांद्याखाली.

२१ जून

आज आलेले काही नाही. गेलेले: टपालाचं तिकीट एक, पाच.

पत्र दुपारी लिहायला घेतलं. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही खुर्ची घ्या, मी जमिनीवर बसते. म्हणाल्या, "तू बस, मी उभी राहते." आणि पत्र संपेपर्यंत माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. या वयात हात जड होतो माणसाचा. चार ओळी वाकड्या गेल्या आहेत. नेमकी त्याच वेळी मला ती मेली गरगर येऊन गेली, पण त्यांनी काही विचारलं नाही, नुसती बोटं घट्ट केली. ती जाईपर्यंत लेखणी थांबवली आणि पुढे लिहिलं.

नक्कल ठेवते:

"मध्यवर्ती बँकेच्या नोट समितीस,

सविनय नमस्कार. आपण पाठवलेल्या सहीच्या कागदावर सही करता येत नाही. तो वाया जाऊ नये म्हणून हे पत्र त्याच्याच मागे लिहीत आहे.

पुस्तकात आणि शाळेच्या भिंतीवर जो चेहरा आहे तो आमच्या आत्याबाईंचा नाही. तो माझ्या सासूबाईंचा आहे. त्या हयात आहेत, दोन वेळा जेवतात आणि या पत्राची हरकत त्यांचीच आहे. मूळ फोटोत आत्याबाई मागे उभ्या आहेत. चेहरा हलला आहे, कारण त्या आजारी माणसाकडे बघत होत्या. हात हललेला नाही. तो हात आजही शाळेत शिकवला जातो, तसा मेट्रनबाईंचा दाखला सोबत आहे.

आपल्या अटीत चेहरा म्हटलं आहे. हाताची नोट याआधी कुठे निघाली आहे का ते मला माहीत नाही, मी मॅट्रिकपर्यंतच शिकले आहे. पण नोट शेवटी हातातच जायची, तेव्हा तिच्यावर हात असला तर कुणाचा अपमान होईल असं मला वाटत नाही. देवाला विचारलं, त्याने नाही म्हटलेलं नाही. सासूबाई असंही कळवायला सांगतात, की चेहराच हवा असेल आणि त्यांच्या मरणाची वाट बघायचा विचार असेल, तर हयातीची अट तेवढी पुरी होईल, चेहरा तरीही त्यांचाच राहील.

मूळ फोटो एकच आहे म्हणून पाठवलेला नाही. रजिस्टर टपालाचा खर्च आपण सोसणार असाल तर लगेच पाठवते. वर्षाअखेर शाळा बंद व्हायची आहे, म्हणून उत्तराची घाई आहे. सासूबाई रोज दुपारी टपालवाल्यासाठी दारात बसतात. पुढच्या गुरुवारी मी शाळेच्या दवाखान्यात असेन आणि त्या माझ्यासोबत येणार म्हणतात, तरी त्या दिवशी पाकीट खालच्या घड्याळाच्या दुकानात द्यायला सांगावं. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण उलट टपाली कळवावं, ही विनंती."